खाड्याचे पैसे

आईचं कपाट आवरताना तिच्या पाळणाघराची वही सापडली. दोनशे पानी, खाकी कव्हर घातलेली. एका पानावर एक महिना. डावीकडे मुलांची नावं, पुढे पट्टीने आखलेले एकतीस चौकोन. मूल आलं की टिंब. आलं नाही की ‘खा’. महिनाअखेरीला या ‘खा’ मोजून शेवटच्या रकान्यात लिहिलेलं असायचं : ‘वजा’.

‘खा’ म्हणजे खाडा. ही वही चाळत असतानाच एका मैत्रिणीने तिच्या फोनवर आलेला मेसेज मला पाठवला. तीही पाळणाघर चालवते, कल्याणला, दोन खोल्यांत. मेसेज एका मुलाच्या वडिलांचा होता : ‘आम्ही दहा दिवस गावी जातोय. तेवढी फी कमी कराल ना?’ खाली हात जोडलेला इमोजी. मैत्रिणीने विचारलं होतं, ‘काय उत्तर देऊ?’

प्रश्न साधा वाटतो. मूल आलं नाही, मग पैसे कशाचे? पण उत्तर शोधायला बसलं की आपण थेट शंभर-सव्वाशे वर्षं मागे, गिरणगावात जाऊन पोचतो. कारण तो मेसेज पाठवणाऱ्या बाबाने ही ‘कमी कराल ना’ची रीत स्वतः शोधलेली नाही. ती त्याला वारशाने मिळाली आहे.

मस्टरवरचा खाडा

मराठीत खाडा म्हणजे रोज चालणाऱ्या गोष्टीत पडलेला खंड. दूधवाला आला नाही तर खाडा, मोलकरीण आली नाही तर खाडा, डबा नको असेल तर खाडा. ‘कालनिर्णय’च्या पानावर दुधाचे खाडे मांडून ठेवणं हे कित्येक घरांत एक कामच होतं. शब्द घरगुती झाला, पण त्याचा खरा चटका हजेरीपटावर होता. कामावर गेला नाहीत की खाडा, आणि खाडा पडला की त्या दिवसाचा पगार नाही.

मुंबईच्या गिरण्यांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हक्काची साप्ताहिक सुट्टी नव्हती. काम उजाडल्यापासून मावळेपर्यंत. पगार हातात पडायचा तोही उशिरा. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यातल्या मागण्या आज वाचल्या तर मौज वाटेल : रविवारी सुट्टी द्या, दुपारी अर्धा तास विश्रांती द्या, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत तरी द्या, काम करताना जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पगार द्या.

या शेवटच्या मागणीकडे नीट बघा. माणूस कामावर नाही, तरी पैसे द्या. का? तर त्याचं नसणं ही त्याची चूक नाही, आणि नसण्याच्या दिवसांतही त्याला पोट आहे. गैरहजेरीचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न इतक्या स्पष्टपणे आपल्याकडे विचारला गेला तो इथे. रविवारची सुट्टी मिळायला १८९० साल उजाडावं लागलं.

पुढे १९३६ साली पगार वाटपाचा कायदा झाला. मालकाला पगारातून कशाकशाचे पैसे कापता येतील, याला त्याने हद्द घातली. खाड्याचे पैसे कापता येतील, पण जेवढा खाडा तेवढेच. मात्र यात एक पाचर होती. दहा किंवा जास्त कामगारांनी मिळून, सूचना न देता, सबळ कारणाशिवाय दांडी मारली तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापायची मुभा मालकाला होती. एकट्याचा खाडा हा हिशेब, दहाजणांचा खाडा हा गुन्हा. गिरणगावातल्या प्रत्येक माणसाला हे गणित पाठ होतं. आणि तो जेव्हा स्वतः गिऱ्हाईक झाला, तेव्हा हेच गणित त्याने दुसऱ्याला लावलं.

ताटाचा खाडा

ही दुसरी व्यक्ती म्हणजे खानावळवाली.

घाटावरून, कोकणातून आलेले हजारो पुरुष बायकामुलांना गावी ठेवून मुंबईत राहत. लालबाग-परळ-वरळीच्या चाळींत एकेका खोलीत पाळीपाळीने झोपत. त्यांना जेवायला घालायच्या त्या त्याच चाळीतल्या बाया. कुणाचा नवरा गिरणीत पुरेसं कमवत नव्हता, कुणाचा नवराच नव्हता. दोन वेळचं जेवण, महिन्याचा ठरलेला दर, पैसे पगार झाल्यावर. म्हणजे आधी जेवण, मग पैसे. महिनाभराचं धान्य मात्र वाण्याकडून उधारीवर, नाहीतर सावकाराच्या पैशांवर आणलेलं.

इथे खाड्याचा नियम रुजला. गावी जायचं असेल तर आधी सांगायचं, म्हणजे ते दिवस वजा. न सांगता जेवायला आला नाहीत तर ताट धरलं जाणार. नियम चोख होता, कारण खानावळीचा मुख्य खर्च धान्याचा. आधी कळलं तर चार भाकऱ्या कमी थापल्या जातात, ज्वारी वाचते. पुण्यातल्या पेठांमधल्या मेसमध्ये शिकायला आलेल्या मुलांनीही हाच नियम पाळला : सलग अमुक दिवस नसाल आणि आदल्या दिवशी सांगितलंत, तर खाडा. तुमच्यापैकी कुणी मेसला जेवत असेल तर हा नियम अजूनही भिंतीवर चिकटवलेला असेल.

पण एका माणसाचा खाडा सोसता येतो. सगळ्या गिरण्यांचा?

१९७४च्या सुरुवातीला गिरणी कामगारांचा संप झाला, सहा आठवडे चालला. पगार नाही म्हणून खानावळीचे पैसे नाहीत. पण जेवण थांबलं नाही. या बायांनी उधारी वाढवून, किडूकमिडूक गहाण टाकून संपकऱ्यांना जेवू घातलं. संपाचा हिशेब मांडताना युनियन, मालक आणि सरकार मांडले जातात. चुलीपुढे बसलेली ही चौथी बाजू कुणाच्या हिशेबात नव्हती. ती प्रेमा पुरव यांच्या नजरेस आली. गोवा मुक्तिसंग्रामात गोळी झेललेल्या या कार्यकर्तीने १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि खानावळवाल्यांना राष्ट्रीयीकृत बँकेची कर्जं मिळवून दिली. सावकाराच्या तावडीतून बाया सुटू लागल्या.

मग १८ जानेवारी १९८२ आला. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि हा संप कधी रीतसर संपलाच नाही. कामगार गावी निघून गेले. जेवणारेच उरले नाहीत. एक खाडा पडला तो कायमचा.

खानावळीच्या या कहाणीतून एक गोष्ट दिसते. वरच्याच्या उत्पन्नात खंड पडला की तो आपला खंड खालच्याकडे सरकवतो. मालक कामगाराकडे, कामगार खानावळवालीकडे. सगळ्यात खाली जी असते तिच्यापाशी सरकवायला कुणी नसतं. ती तो गिळते.

पाळणा कुणाच्या खर्चाने?

आता मुलांकडे येऊ. गिरण्यांत बायकाही होत्या, मुख्यतः रिळं भरण्याच्या खात्यात. त्यांची तान्ही मुलं कुठे असत? कधी शेजारणीकडे, कधी मोठ्या बहिणीकडे, कधी खोलीत एकटी. मूल दिवसभर झोपून राहावं म्हणून त्याला अफू घातलेली बाळगोळी दिली जाई. १९२०च्या दशकात मुंबईत डॉक्टरांनी याबद्दल लिहिलं, बोललं गेलं, आणि काही गिरण्यांनी आवारातच पाळणाघरं काढली.

त्याच दशकात बाळंतपणाच्या रजेच्या पैशांचा वाद मुंबई कायदेमंडळात आला. जुलै १९२८मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या विधेयकाच्या बाजूने भाषण केलं, आणि १९२९ साली मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा झाला. बाई बाळंतपणासाठी कामावर नाही, तरी तिला पैसे मिळायला हवेत. लोखंड्यांच्या अर्जातलं तत्त्वच इथे कायदा होऊन आलं.

स्वातंत्र्यानंतर १९४८च्या कारखाने कायद्याने नियम केला : पन्नासपेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तिथे पाळणाघर हवं. १९७६च्या दुरुस्तीने हा आकडा तीसवर आला. खर्च मालकाचा. इथे मूल आलं नाही तर पैसे वजा करायचे का, हा प्रश्नच नव्हता, कारण पैसे मुलामागे नव्हतेच. खोली, पाळणे, सांभाळणारी बाई, हे सगळं मुलं किती आली यावर नव्हे, तर कारखान्यात किती बायका आहेत यावर ठरत होतं.

हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. कायद्याला हे तेव्हाच कळलं होतं की पाळणाघर ताटावर चालत नाही, जागेवर चालतं.

गोची अशी, की हा कायदा कारखान्यांसाठी होता. गिरण्यांतलं बायकांचं प्रमाण घटत गेलं आणि बायका निघाल्या बँकेत, सचिवालयात, विम्याच्या ऑफिसात, टेलिफोन खात्यात, शाळांत. तिथे कायद्याचा पाळणा नव्हता. आणि घर आता ऑफिसच्या जवळही नव्हतं. ते डोंबिवलीला, ठाण्याला, विरारला होतं. १९९२ साली पश्चिम रेल्वेवर पहिली लेडीज स्पेशल धावली, ती या बायकांसाठीच. गाडीची सोय झाली. मुलाची सोय ज्याची त्याने बघायची होती.

ती सोय चाळीतल्या, बिल्डिंगमधल्या एखाद्या काकूंनी केली. ना बोर्ड, ना नोंदणी. ‘माझ्याकडे सोडत जा’ एवढ्यावर सुरू झालेली पाळणाघरं. आईचं त्यातलंच एक.

आईचे नियम

वहीतली पहिली दोन वर्षं आईने खानावळीचा नियम जसाच्या तसा लावलेला दिसतो. जेवढे ‘खा’, तेवढे वजा. गिऱ्हाइकांनाही तेच ठाऊक होतं, तिलाही.

मग मे महिना यायचा. आठातली सहा मुलं आजोळी. पान ‘खा’ने भरलेलं, आणि खालची बेरीज दोन मुलांच्या फीची. पण आई त्या महिन्यातही सकाळी साडेसातला दार उघडून बसलेली असायची, कारण ती दोन मुलं यायची होती. मदतीला येणाऱ्या मावशींचा पगार पूर्ण. घरभाडं पूर्ण. वाचलं काय? सहा कप दूध आणि थोडा मऊभात.

खानावळीचा नियम पाळणाघराला का लागत नाही, ते या पानावर कळतं. खानावळीत तुम्ही धान्याचे पैसे देता. पाळणाघरात बाईच्या लक्षाचे. आठांऐवजी सात मुलं आली म्हणून बाईला आठवा हिस्सा झोप काढता येत नाही. शिवाय तुमच्या मुलाची जागा ती दहा दिवसांसाठी दुसऱ्याला देऊ शकत नाही. ती जागा रिकामी नसते, राखलेली असते.

तिसऱ्या वर्षी वहीच्या आतल्या कव्हरवर नियम उमटले. बॉलपेनने, आकडे घालून. फी पाच तारखेच्या आत, आगाऊ. पंधरा दिवसांपर्यंतच्या खाड्याचे पैसे कापले जाणार नाहीत. पूर्ण महिना नसाल तर अर्धी फी, जागा राखण्यासाठी. कायमचं काढायचं असेल तर महिनाभर आधी सांगावं. खाली वेगळ्या शाईत, बहुधा नंतर घातलेलं : ताप, गोवर, कांजिण्या असल्यास मूल पाठवू नये.

हा शेवटचा नियम आणि दुसरा नियम एकमेकांना धरून आहेत, हे मला आता कळतंय. आधी ‘खाडा वजा’ असायचा, तेव्हा आजारी मूल घरी ठेवलं तर आईबापांचे पैसे वाचायचे. आता पैसे जाणारच, मग पाठवूनच द्या, असं कुणाला वाटू शकतं. म्हणून तो नियम वेगळा लिहावा लागला. पैशाचा प्रत्येक नियम वागण्यावर असा परिणाम करतो. नियम करणारीने तो आधी ओळखावा लागतो.

उशिराचे पैसे घ्यायचा नियम मात्र आईने कधीच केला नाही. २६ जुलै २००५ला दुपारपासून गाड्या बंद पडल्या. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आमच्या घरात त्या रात्री पाच मुलं झोपली. फोन लागत नव्हते. एक मूल रात्रभर दाराकडे बघत बसलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची आई रुळांवरून चालत आली, गुडघ्यापर्यंत चिखल. वहीत २६ आणि २७ या दोन्ही चौकोनांत टिंबं आहेत. रात्रीसाठी चौकोनच नव्हता.

दोन बायका

पण सगळंच असं गोड नाही. एका मुलीच्या नावापुढे सलग सहा आठवडे ‘खा’ आहे. तिला कावीळ झाली होती. आईने नियमाप्रमाणे फी मागितली : एका महिन्याची अर्धी, उरलेल्या दिवसांचं काही कापायचं नाही. मुलीची आई दारात उभी राहून म्हणाली, ‘वहिनी, मी स्वतः बिनपगारी रजेवर होते हो.’ आई म्हणाली, ‘मलाही मावशींना पगार द्यावा लागलाच ना.’ तिने पैसे मोजून दिले. मुलगी त्यानंतर आली नाही.

लहानपणी मला वाटायचं की आईने जरा नमतं घ्यायला हवं होतं. नंतर वाटायचं की आईचंच बरोबर. आता वाटतं की भांडण त्या दोघींचं नव्हतंच. एकीला आजारी मुलाजवळ बसायला पगारी रजा नव्हती. दुसरीला गिऱ्हाईक नसलेल्या दिवसांत आधार नव्हता. लोखंड्यांनी १८८४ साली विचारलेला प्रश्न त्या उंबरठ्यावर पुन्हा उभा होता, फक्त तिथे मालक नव्हता. दोन कामगार बायका एकमेकींकडे खाडा सरकवत होत्या.

२०१७ साली प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. कायद्याचा पाळणा अखेर ऑफिसपर्यंत पोचला. मोठ्या ऑफिसपर्यंत. काकूंच्या घरातलं पाळणाघर त्याच्या बाहेरच राहिलं. खारघरच्या एका पाळणाघरात लहान मुलीला मारहाण झाल्याचं नोव्हेंबर २०१६मध्ये सीसीटीव्हीत दिसलं, तेव्हा राज्यभर पाळणाघरांवर नियंत्रण हवं अशी चर्चा झाली. व्हायलाच हवी होती. पण सांभाळणाऱ्या बाईचं उत्पन्न कशावर टिकतं, हा विषय त्या चर्चेत फारसा आला नाही.

तो आला मार्च २०२०मध्ये. सगळ्यांचा खाडा एकदम. २९ मार्चला केंद्राने आदेश काढला की टाळेबंदीतही कामगारांना पूर्ण पगार द्या. मे महिन्यात तो मागे पडला, आणि जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांना आपसात बोलून मिटवा असं सांगितलं. शाळांच्या फीचा वाद ३ मे २०२१ला सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानच्या खटल्यात सोडवला : शाळेचा जो खर्च वाचला, त्याबद्दल फीत पंधरा टक्के सूट. म्हणजे न्यायालयाचंही म्हणणं तेच, की न आलेल्या मुलामागे वाचतो तो खर्चाचा लहानसा भाग. बाकीचा चालूच असतो.

घरगुती पाळणाघरांचा खटला कुठेच चालला नाही. तो व्हॉट्सॲपवर चालला. कुणी पूर्ण फी पाठवली, कुणी अर्धी, कुणी ग्रुप सोडला. आईचं पाळणाघर त्या वर्षी बंद झालं.

उत्तर

मैत्रिणीला मी जे लिहिलं ते असं. फीचे दोन भाग कर, जागेचे पैसे आणि जेवणाचे पैसे. जागेचे पैसे कधीच वजा होणार नाहीत. जेवणाचे, सलग पाच दिवस नसतील आणि आधी सांगितलं असेल, तर होतील. खानावळीचा नियम जिथे लागू पडतो तिथेच लाव. मोठं आजारपण असेल तर एक महिना अर्धे पैसे, आणि हे आधीच लिहून ठेव, म्हणजे दारात उभं राहून घासाघीस करायची वेळ येणार नाही. हे सगळं प्रवेशाच्या दिवशी कागदावर दे, तोंडी नको. मूल गावी निघाल्यावर सांगितलेला नियम वाईटच वाटतो.

आणि एक नियम तुझ्यासाठी. वर्षातले अमुक दिवस पाळणाघर बंद, फी न कापता. तुला ताप येईल त्या दिवसांसाठी.

हे शेवटचं मला वहीवरून सुचलं. एका ऑक्टोबरच्या पानावर नऊ दिवस सगळ्या मुलांच्या नावापुढे आडवी रेघ आहे. टिंब नाही, ‘खा’ही नाही. ते आईच्या ऑपरेशनचे दिवस. मुलांना तिचा खाडा कसा मांडायचा, हे तिला कळलं नसावं. पण शेवटच्या रकान्यात, आठही नावांपुढे, तिने न चुकता लिहिलंय : नऊ दिवस वजा.

मैत्रिणीचा थोड्या वेळाने मेसेज आला. ‘वर्षाला बारा दिवस लिहिलेत. जास्त होतात का गं?’